ताटावर आडवा हात

नाशिकमधून आजवर जेवढी मुलं परदेशी शिकायला गेली, त्यातली निम्मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी पाठवली आणि उरलेली निम्मी त्यांची नजर चुकवून गेली. हे विधान कुणी तपासायला जाऊ नये. काकांच्या बाबतीत मी अतिशयोक्ती करायला जातो, पण दर वेळी ते माझ्या चार पावलं पुढेच निघालेले असतात. मधले काही महिने त्यांच्यापायी आमच्या घराचा जीव टांगणीला लागला होता. आता तो भांड्यात पडला आहे, मी पंखा लावून निवांत बसलो आहे, म्हणून त्यांच्याविषयी हसत हसत लिहायची हिंमत करतो.

काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाले. निवृत्त माणसं बागकाम करतात, गुडघ्यांच्या तक्रारी करतात, नाहीतर सोसायटीचं सेक्रेटरीपद बळकावतात. काकांनी शिष्यवृत्त्या शोधायला घेतल्या. स्वतःसाठी नव्हे आणि घरच्यांसाठीही नव्हे, कारण त्यांच्या एकुलत्या एका मुलीने बारावीनंतरच जाहीर करून टाकलं होतं की आपल्याला जळगावच्या पलीकडे कुठेही जायचं नाही. ती खरंच जळगावला नांदते आहे आणि सुखात आहे. तेव्हा काकांनी दुसऱ्यांच्या मुलांकडे मोर्चा वळवला. सारं आयुष्य कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघण्यात गेलेलं, त्यामुळे जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला की त्यांची पाळी सुरू होते. सकाळी जपान आणि ऑस्ट्रेलिया, दुपारी युरोप, दिवेलागणीला अमेरिका. तिकडची कचेरी उघडली की तिथला साहेब सगळ्यात आधी नव्या शिष्यवृत्तीची पाटी लावत असणार अशी त्यांची पक्की समजूत आहे, आणि ती पाटी आपल्याआधी दुसऱ्या कुणी वाचली तर त्यांच्या मनाला लागतं. सापडलेल्या अटी ते मोठ्याने वाचतात. अर्जदाराचं वय पस्तिशीच्या आत असावं, असं त्यांनी वाचलं की काकू फोडणी घालता घालता आतून सांगतात, "मी बसत नाही." अर्जदाराने यापूर्वी परदेशात शिक्षण घेतलेलं नसावं. "यात बसते." असा तो संसार चालतो.

समोर माणूस आला की काकांना त्याचं नावगाव दिसत नाही, पात्रता दिसते. गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर आम्ही लग्नाला गेलो होतो. स्टेजवर जायला ही लांब रांग. आमचा नंबर आला तेव्हा काकांनी नवरदेवाचा हात हातात घेतला तो सोडेचनात. फोटोग्राफर खोळंबला, मागचे लोक कुरकुरू लागले. खाली उतरल्यावर कळलं की नवरदेव इंजिनिअर आहे एवढं ऐकून काकांनी त्याला फिनलंडची एक फेलोशिप सांगितली होती, आणि तिच्यात बायकोच्या राहण्याचाही खर्च मिळतो हे नवरीला वेगळं समजावलं होतं. लग्न झालेलं असण्याची जी अट होती तिच्यात तो आजच बसला, असं त्यांचं म्हणणं. दूध घालणाऱ्या भाऊंना त्यांनी डेन्मार्कचा दुग्धव्यवसायाचा अभ्यासक्रम इतक्या वेळा समजावला की भाऊ आता पिशवी दाराला अडकवतात आणि बेल न वाजवता पळतात. मलाही सोडलं नाही. मी बँकेत नोकरी करतो. एका सहकाऱ्याच्या निरोप समारंभात मी कधी काळी एक कविता वाचली होती, तेवढ्या भांडवलावर काकांनी माझ्यासाठी स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्यात कवींनी महिनाभर राहायची सोय हुडकून काढली. मी अर्ज करत नाही म्हटल्यावर त्यांनी आमच्या हिला बाजूला घेऊन विचारलं, यांना थंडी सोसत नाही का.

चेष्टा बाजूला ठेवली तर त्यांच्या त्या जेवणाच्या टेबलावरून उठून कितीतरी मुलं खरोखर साता समुद्रांपलीकडे गेली. काकांचे नियम कडक होते. अंतिम तारीख ते मुलांना पंधरा दिवस अलीकडची सांगत, म्हणजे मुलं शेवटच्या दिवशी जरी जागी झाली तरी वेळ हातात असे. शिफारसपत्र देतो म्हणून न देणाऱ्या प्राध्यापकांच्या घरी ते सकाळी फिरायला निघाल्याचं निमित्त करून थडकत. पासपोर्टच्या फोटोत दोन्ही कान दिसले पाहिजेत आणि हसायचं नाही, हे तर ते मुलांना इतकं बजावत की त्यांच्याकडून बाहेर पडलेलं पोर रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला तरी हसत नसे. आणि जो शिष्यवृत्ती देण्याआधी आपल्याकडे पैसे मागतो तो देणारा नव्हे, हे त्यांचं ब्रह्मवाक्य. त्यांना एकदा असाच एक फोन आला. तुमच्या मुलाला कॅनडाची शिष्यवृत्ती लागली आहे, फक्त प्रक्रियेची फी भरा. काकांना मुलगा नाही. पण ते "नको, कशाला, राहू द्या" म्हणत राहिले आणि तो भामटा "असं कसं साहेब, घ्याच तुम्ही" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर काका माझ्याकडे बघून म्हणाले, "माणूस लबाड होता, पण आग्रह काय करत होता!"

हा आग्रह म्हणजे काकांचा जीव की प्राण. पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणं त्यांच्या लेखी जवळजवळ गुन्हा आहे. चहा विचारा, 'नको' म्हणतील. खुर्ची द्या, 'उभा बरा आहे' म्हणतील. जेवायला बसले की पोळी दिसायच्या आधी त्यांचा उजवा हात ताटावर आडवा पडलेला असतो. पहिला नको हा सभ्यपणाचा, दुसरा समोरच्याला जोखायचा, आणि त्यानंतरही जो विचारतो तो आपला माणूस, असा त्यांचा हिशेब. मिसळवाल्याला हे ठाऊक आहे. काका रस्सा नको म्हणाले की तो वाटी भरायला घेतो. पण बफेच्या लग्नात त्यांचे फार हाल होतात. तिथे आग्रह करणार कोण? टेबलामागचा माणूस विचारतो, जिलबी? काका म्हणतात, नको. तो पुढच्याला विचारतो. अशी कितीतरी थाटामाटाची लग्नं काकांनी उपाशीपोटी साजरी केली आहेत आणि घरी येऊन दहीभात खाल्ला आहे.

आमची त्यांची ओळखच या 'नको'ने झाली. मी हरसूलच्या बाजूच्या डोंगरातला. भात आणि नागली पिकवणारं आमचं घर. आमच्याकडे विचारणं म्हणजे विचारणं आणि उत्तर म्हणजे उत्तर. भूक असली तर हो म्हणायचं, नसली तर नाही म्हणायचं, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मागे ताट घेऊन धावण्याएवढं काही आमच्या घरात शिजतही नसे. नोकरीनिमित्त नाशकात येऊन आम्ही या इमारतीत घर घेतलं तेव्हा काका चौकशीला वर आले. हिने चहा विचारला. ते नको म्हणाले. हिने बरं म्हणून पातेलं खाली ठेवलं. काका बसले. पाण्याची वेळ सांगितली, वाण्याचं दुकान सांगितलं, एकलहऱ्याच्या चिमण्यांची उंची सांगितली. मग अधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत नुसतेच बसून राहिले. दुपार कलली तेव्हा उठून गेले आणि खाली जाऊन काकूंना म्हणाले की वरची माणसं विचित्र आहेत. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. काकूंनी विचारलं, "आणखी एक पुरणपोळी?" मी म्हटलं, "हो, वाढा." पोळी हातात तशीच धरून काकू काकांकडे बघत राहिल्या आणि काका माझ्याकडे. ज्या गोष्टीला त्या घरात पाव तास लागत असे ती मी एका शब्दात उरकून टाकली होती.

पुढे आम्ही एकमेकांना सरावलो. आमची ही त्यांना चहा विचारायचीच बंद झाली, सरळ कप पुढे ठेवू लागली, तर तेही त्यांना रुचेना. विचारा तरी, असं एकदा त्यांनी मला जिन्यात सुचवलं. मग आम्ही रीतसर आग्रह शिकलो. पण खरी तयार झाली ती आमची रोहिणी. रोहिणी नक्षत्रात जन्मली म्हणून रोहिणी. शाळेतून आली की ती आधी खाली काकांकडे जायची. काकूंनी लाडू पुढे केला की नको म्हणायची, पुन्हा केला की मान हलवायची, तिसऱ्यांदा हात पुढे. आणि सुटीत हरसूलला आजोबांकडे गेली की पहिल्या हाकेला ताटावर. जशा काही दोन भाषा बोलत होती पोरगी.

काकांची एक आवडती गोष्ट होती, ती इमारतीत सगळ्यांना पाठ होती. कोजागरीला दूध आटेपर्यंत तीच, गणपतीत आरतीनंतर तीच. तरुणपणी मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं होतं की जर्मनीला वर्षभर शिकायला एक माणूस पाठवायचा आहे, जातोस का. काकांनी उत्तर दिलं, नको साहेब, दुसऱ्या कुणाची सोय करा. मग दुसरा एकजण गेला. येताना त्याने काकांसाठी एक पेन आणलं, तेही काकांनी बऱ्याच आग्रहानंतरच घेतलं. त्या पेनातली शाई कधीच वाळली आहे, तरी ते त्यांच्या खिशाला असतं. ही गोष्ट ते छाती पुढे काढून सांगत आणि आम्हीही ती एका निरिच्छ माणसाची गोष्ट म्हणूनच ऐकत होतो.

रोहिणीने माती हा विषय घेऊन एमएस्सी केलं. त्याचं कारण तिचे आजोबा. आमच्या गावचं शेत उतारावर आहे. दर पावसाळ्यात त्यातली माती वाहून खालच्या ओहोळात जाते, आणि पाऊस सरला की माझे वडील ती पाटीत भरून पुन्हा वर नेऊन टाकतात. लहानपणी रोहिणी आपल्या शाळेच्या डब्यात माती भरून त्यांच्यामागे चढायची. ही माती जागच्या जागी कशी राहील, एवढंच तिला शिकायचं होतं. काकांनी तिच्यासाठी युरोपच्या पाळीत दोन वर्षं डोळे फोडले आणि शेवटी नेदरलँड्समधली एक जागा काढली. ज्या देशात धड टेकडीसुद्धा नाही तिथे डोंगराची माती शिकायला जायचं, हे मला काही झेपेना. पण तिथल्या एक प्राध्यापकबाई आयुष्यभर इतर देशांच्या डोंगरांवर हेच काम करत आल्या होत्या. त्यांच्याकडे फेलोशिप एकच होती. मिळाली तर शिकण्या-राहण्याचा सगळा भार तिकडचा. नाही मिळाली तर जायचं नाही, हे घरात आधीच ठरलं होतं. कर्ज काढून पाठवायची माझी ऐपत नव्हती आणि रोहिणी ते मला काढू देणार नव्हती.

अर्ज गेला, पहिली चाळणी पार पडली आणि मुलाखतीचा दिवस आला. मुलाखत काकांच्या जेवणाच्या टेबलावर, कारण जन्मभर वीज तयार केलेल्या माणसाचा विजेवर काडीचा विश्वास नाही आणि त्यांच्याकडे इन्व्हर्टरला पुन्हा एक इन्व्हर्टर आहे. काकूंनी मागच्या डब्यांच्या मांडणीवर शाल पांघरली. मी सोफ्यावर अंग चोरून बसलो. काका रोहिणीच्या समोर, पण कॅमेऱ्यात येणार नाहीत असे. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या त्या बाई आणि आणखी दोघं. रोहिणी छान बोलली. आजोबांची पाटी, आपला डबा, ओहोळ, सगळं तिने सांगितलं, आणि त्या बाई गाल हातावर टेकवून ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ही जागा तुला दिली तर तू येशील ना?

रोहिणीची नजर क्षणभर काकांकडे गेली. काकांनी आपला उजवा हात हवेतच, नसलेल्या ताटावर, हळूच आडवा धरला.

आणि आमची गुणी मुलगी सांगू लागली की मला हा मोठा सन्मान वाटेल, पण माझ्यापेक्षा जास्त गरज असलेलं कुणी असेल तर आधी त्यांचा विचार करावा, मी थांबू शकते. बाई म्हणाल्या की हा तुझा फारच मोठेपणा आहे, आणि काहीतरी लिहून घेतलं. पडदा काळा झाल्यावर काकांनी टाळी वाजवली. आता बघा, ते पुन्हा विचारतील, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी वर्षं नाशकात राहून माझंही पाणी बदललं होतं.

उत्तर आलं ते असं. शेवटी दोन उमेदवार उरले होते आणि दोघांमध्ये डावं-उजवं करणं कठीण जात होतं. थांबायची तयारी तुम्ही स्वतःहून दाखवलीत, त्यामुळे निर्णय सोपा झाला. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. तुमच्या मोठ्या मनाबद्दल आभार.

काकांनी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण त्यांनी पुन्हा विचारलंच नाही," ते म्हणाले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रोहिणी कुणाला एका शब्दाने बोलली नाही, शिकवणी वर्गात शिकवायला जाऊ लागली, आणि तिचं ते न बोलणं मला पोखरत होतं. गावी वडिलांना फोनवर सगळं समजावून सांगितलं, तर त्यांनी पलीकडून एवढंच विचारलं, "त्यांनी इचारलं आन् ती नाय म्हनली? मंग ते कसे देतील?" मला काकांचा राग आला होता. खूप राग आला होता. काका वर येईनासे झाले होते. शेवटी काकूच एकदा जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा खाली या हो. लॅपटॉप उघडत नाहीत. चहा नको म्हणतात, आणि या वेळचं नको खरंच नको आहे."

मी गेलो. काका रिकाम्या टेबलाशी बसले होते. चार शब्द सुनवायची तयारी करून मी गेलो होतो, पण त्यांनीच सुरुवात केली, आणि ती त्याच जर्मनीच्या गोष्टीने. मला वाटलं, या माणसाला आता तरी दुसरं काही सुचावं. पण या वेळी गोष्ट पेनापाशी थांबली नाही. साहेबांना नको म्हणून ते बाहेर आले, आणि पुढचा सगळा आठवडा काही ना काही काम काढून त्या केबिनच्या दारावरून ये-जा करत राहिले. साहेबांनी हाक मारावी म्हणून. एकदा तर साहेबांनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, काही हवंय का. काका म्हणाले, नाही साहेब.

"मला जायचं होतं हो," काका म्हणाले. "फार जायचं होतं."

ओट्याशी काकूंचा हात थांबला. इतक्या कोजागऱ्या आणि इतके गणपती ऐकलेली गोष्ट त्याही पहिल्यांदाच पुरती ऐकत होत्या. माझे चार शब्द माझ्यापाशीच राहिले.

मग काका उठले आणि माझ्याआधी जिना चढून आमच्याकडे आले. रोहिणीला समोर बसवून म्हणाले, त्या बाईंना लिही. आत्ता लिही, मला हवं आहे म्हणून. पण सांगणं सोपं आणि वळण बदलणं कठीण. काका मजकूर सांगू लागले तो असा की आपणास गैरसोय होणार नसेल, आणि अन्य कुणावर अन्याय होणार नसेल, आणि सवड असेल तर. रोहिणी ते लिहायची आणि खोडायची. आतून आमची ही हात पुसत बाहेर आली. ती माझ्याच बाजूची, डोंगरातली. "हवंय ना तुला?" तिने विचारलं. "मग तेवढंच लिही." रोहिणीने लिहिलं की आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणायची रीत आहे, आणि मी रीत पाळली. खरं म्हणजे मला ही जागा मनापासून हवी आहे. पुढेमागे ती मोकळी झाली तर मला विचारा, मी लगेच हो म्हणेन. ते पत्र पाठवताना काकांनी डोळे मिटून घेतले होते.

बाईंचं उत्तर तुटक होतं. सांगितलंत हे बरं झालं, हे आम्हाला कळलं नव्हतं, आता निर्णय झालेला आहे, पण तुमचं म्हणणं लक्षात ठेवते. बस. आम्ही आशा सोडून दिली, म्हणजे एकमेकांना तसं सांगितलं. काकांची दुपारची पाळी पुन्हा सुरू झाली. रोहिणीसाठी ते नव्या जागा शोधत होते आणि एकही तिला दाखवण्यासारखी वाटत नव्हती.

आणि एका दुपारी रोहिणी शिकवणीहून परत येत असताना, जिन्यातच, तिच्या फोनवर पत्र आलं. ती वर आमच्याकडे आली नाही, तिथूनच काकांच्या दारात गेली. मी वरून तिची चाहूल ऐकून खाली धावलो. दुसऱ्या उमेदवाराला त्याच्याच देशात मनासारखं काम मिळालं होतं आणि त्याने जागा सोडली होती. रोहिणी मोठ्याने वाचत होती, आणि शेवटच्या ओळीला तिला रडू फुटलं. बाईंनी लिहिलं होतं, "म्हणून मी तुम्हाला पुन्हा विचारते आहे. येणार का?"

"हो म्हण," काका ओरडले. "हो म्हण आधी, मग रड." त्यांचं स्वतःचं तोपर्यंत सुरू झालं होतं. काकूंनी साखरेचा डबाच उघडून आमच्या तोंडासमोर धरला आणि आम्ही सगळ्यांनी, कुणीही कुणाला न विचारता, मुठी भरून साखर खाल्ली. माझ्या छातीवर इतके दिवस कुणीतरी बसलं होतं ते उठून गेलं. त्या दिवशी मी दुपारी आडवा झालो तो चांगला दिवे लागेपर्यंत घोरत होतो, असं घरचे सांगतात.

रोहिणी गेली. सुखरूप पोचली, खोली मिळाली, सायकल मिळाली. त्या बाईंनी तिला पहिल्याच दिवशी कॉफी विचारली, तिने तत्काळ हो म्हटलं आणि बाई खूप हसल्या, असं तिने कळवलं. इकडे काकांमध्ये मात्र एक बदल झाला आहे. ते वर येतात, आमची ही चहा विचारते, आणि ते म्हणतात, "हो, द्या." बस, संपलं. ज्याला एवढा वेळ लागायचा ते क्षणात होऊन जातं, मग आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसतो. खोटं कशाला सांगू, मला करमत नाही. परवा हिने त्यांच्या 'हो'नंतरही सवयीने पुन्हा एकदा विचारलं, "घ्या ना, थोडासा." काकांचा चेहरा इतका उजळला की विचारू नका.

गेल्या रविवारी रोहिणीशी बोलायला आम्ही सगळे त्यांच्या टेबलाभोवती जमलो होतो. तिने लॅपटॉप खिडकीपाशी नेऊन बाहेरचं दाखवलं. सपाट हिरवं, कालवा, लांबवर गाई. मग म्हणाली, "काका, पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही आणि काकू इकडे या. मी सगळं दाखवते. जर्मनी इथून अगदी जवळ आहे, रेल्वेने जाऊन येऊ."

काकांचा उजवा हात टेबलावरून उचलला गेला. तो आडवा होत होता, मी बघत होतो, काकूही बघत होत्या. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

"येतो," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर आले ते हातात एक पाकीट घेऊन. अर्ध्या नाशिकला त्यांनी पासपोर्ट काढायला लावले, स्वतःचा कधी काढलाच नव्हता. पाकिटात फोटो होते, नुकतेच काढलेले. दोन्ही कान स्वच्छ दिसत होते, खिशाला ते पेन होतं. मी फोटो उजेडात धरून पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की काका त्यात हसत होते. साधंसुधं नव्हे, चांगलं तोंडभरून.

"चालेल ना हो?" त्यांनी विचारलं.

"नाही चालणार काका," मी म्हटलं. "पुन्हा काढावा लागेल."